काळोख्यांचं लाल कुलूप

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काळोखे कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याला कुलूप घालतात. मिक्सर बिघडला तर मिक्सरच्या प्लगला, ट्यूब गेली तर मीटरच्या पेटीला. त्यांच्याकडे प्लगवर बसणारी एक लाल डबी आहे. प्लग काढायचा, डबीत ठेवायचा, डबी मिटायची आणि तिला लाल कुलूप लावायचं. कुलपाला एक कार्ड लोंबतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘धोका. चालू करू नये. माणूस कामावर आहे. द. रा. काळोखे.’ या कुलपाला चावी एकच आणि ती काळोख्यांच्या गळ्यात, बनियनच्या आत, काळ्या दोऱ्यात ओवलेली.

माणूस कामावर आहे म्हणे. पुष्कळदा माणूस जेवायला गेलेला असतो, जेवून वामकुक्षी घेत असतो, आणि आमची चटणी अर्धवट वाटलेली, मिक्सरच्या भांड्यात तशीच पडलेली असते. दिवाळीत माझी अनारशांची पिठी दीड दिवस त्या कुलपाच्या मागे अडकली होती. तेव्हापासून मला या माणसाचा राग आहे. तो मी कधी लपवलेला नाही आणि इथेही लपवणार नाही.

काळोखे मूळचे मावळातले. चाकणच्या एका कंपनीत चौतीस वर्षं मेंटेनन्सला होते. रिटायर होऊन संत तुकाराम नगरात आले, आमच्याच मजल्यावर. बायको आधीच गेलेली, मुलगी बारामतीला दिलेली. घरी एकटेच. एकट्या माणसाने गप्प पेपर वाचावा, देवदर्शनाला जावं. यांनी अख्ख्या सोसायटीची दुरुस्ती अंगावर घेतली. पैसे घेत नाहीत, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट.

एकदा त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला सकाळी सात वाजता कुलूप घातलं आणि सुटा भाग आणायला पिंपरीच्या बाजारात गेले. बाजार उघडतो दहाला. अठ्ठावीस फ्लॅट चार तास कोरडे. आमचे चेअरमन डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून गेटपाशी उभे होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काळोख्यांनी परतून पंप चालू केल्यावर चेअरमन म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी हे कुलूप मी करवतीनं कापीन.’’

‘‘कापा की,’’ काळोखे म्हणाले. ‘‘पन आधी सोसायटीच्या कागदावर लिहून द्या, कुनाचं काय झालं तर जबाबदार कोन. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. कंपनीचा मालक आला तरी मी दिली न्हाई चावी.’’

चेअरमननी लिहून दिलं नाही. डोकं धुवायला गेले.

दुसरी खोड म्हणजे ‘का’. कुठलाही बिघाड असो, हे पाच वेळा ‘का’ विचारतात. कंपनीत म्हणे तशी पद्धत असते, पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं. एकदा आमचे हे जिन्यात घसरले. काळोख्यांनी लगेच उभ्या उभ्या चौकशी सुरू केली. घसरलात का? चप्पल झिजलेली होती. झिजलेली का घातली? नवी घ्यायची राहिली. का राहिली? वेळ मिळाला नाही. का नाही मिळाला? घरात सतत काहीतरी काम सांगतात. कोण सांगतं आणि का? पाचव्या ‘का’ला आमचं लग्न निघालं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय दुखत असतानाही भरभर वर आले.

तर फ्रीजचं सांगते.

माझी सून केतकी चाकणला एका कंपनीत इंजिनियर आहे. सई पाच महिन्यांची झाली तेव्हा केतकी पुन्हा कामावर जायला लागली. मुलगा कामासाठी चेन्नईला. दिवसभर सईला सांभाळायला मी आणि हे. केतकी रात्री आणि पहाटे पंपानं दूध काढून सहा छोट्या बाटल्यांत भरायची, प्रत्येक बाटलीवर वेळ लिहायची, फ्रीजमध्ये ओळीने ठेवायची आणि साडेसहाच्या कंपनीच्या बसला पळायची. सई वरचं दूध घेत नव्हती. चमचा ओठाला लावला की तोंड मिटायची, जबरदस्ती केली तर माझ्याच साडीवर परत करायची. आणि केतकीनं पहिल्याच दिवशी मला सांगून ठेवलं होतं, ‘‘आई, हिला एक दिवस जरी उपाशी राहावं लागलं ना, तर मी नोकरी सोडेन. मला नाही जमणार.’’

मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, मी सोडू देणार नाही. मी सोडली होती. माझा मुलगा सात महिन्यांचा असताना शाळेतली कायम झालेली नोकरी सोडली, कारण घरात सगळ्यांना वाटलं की असंच करायचं असतं. पुढे तीस वर्षं हॉलमध्ये सतरंजी टाकून दुसऱ्यांच्या मुलांना गणित शिकवलं आणि प्रत्येक जूनमध्ये शाळेची घंटा ऐकून चिडले. ते या मुलीच्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. ती सगळी त्या सहा बाटल्यांवर येऊन थांबली होती.

आणि नेमकं तेव्हाच फ्रीजनं दगा दिला. वरच्या खणात बर्फ दगडासारखा, खाली मात्र दही आंबट, कोथिंबीर पिवळी. एक दिवस गार, एक दिवस कोमट. दोन बाटल्या नासल्या. बाटल्या धुताना केतकीचा चेहरा मी पाहिला.

कंपनीचा सर्व्हिसवाला आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. दार उघडलं, हात आत घातला, दार लावलं. ‘‘मॅडम, बोर्ड गेलं. या मॉडेलचं बोर्ड आता येत नाही. नवीन घेऊन टाका, एक्स्चेंजची ऑफर चालू आहे.’’ स्क्रूड्रायव्हर त्याने पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. सात वर्षांचा फ्रीज, आणि हा चार मिनिटांत त्याचं क्रियाकर्म करून मोकळा. मी संतापले. माझा आवाज जिन्यात गेला असणार, कारण दारात काळोखे उभे.

‘‘नाडी न बघता तिरडी बांधायला सांगतोस व्हय रे?’’ त्यांनी सर्व्हिसवाल्याला विचारलं. ‘‘मागचा पडदा काढून बघितलास? मीटर लावलास? कशावरून बोर्ड गेलं?’’

‘‘काका, आम्हाला ट्रेनिंग असतं.’’

‘‘मग त्या ट्रेनिंगचं काय बी दिसू दे की जरा.’’

तो गेला. आयुष्यात पहिल्यांदा काळोखे माझ्या बाजूने बोलले होते, म्हणून मी त्यांना आत घेतलं. चूक माझीच.

बुधवारची संध्याकाळ होती. काळोख्यांनी आधी मला, ह्यांना आणि माझ्या कडेवरच्या सईला फ्रीजसमोर ओळीने उभं केलं. काम सुरू करण्याआधी दोन मिनिटं सुरक्षिततेवर बोलायचं असतं. ‘‘आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली?’’

‘‘आमच्या घराला एकच दार आहे,’’ मी म्हटलं.

‘‘माहीत असावं,’’ ते म्हणाले आणि ह्यांना एक प्लास्टिकचा चष्मा दिला. हे तो घालून रात्री झोपेपर्यंत हिंडले.

मग प्लग निघाला, डबीत गेला, कुलूप लागलं, कार्ड लोंबलं. मग ‘का’ सुरू झाले. दूध का नासलं? गार नव्हतं. गार का नव्हतं? वरची हवा खाली येत नाही. का येत नाही? त्यांनी मागचा पडदा, म्हणजे वरच्या खणातलं मागचं झाकण, उघडला. आत हातभर बर्फ जमला होता, वाटच बुजली होती. बर्फ का जमला? तो अधूनमधून वितळवायचा असतो, तो वितळवलाच गेला नाही. का नाही?

‘‘हा बघा,’’ म्हणून त्यांनी बर्फातून एक वायर सोडवली. टोकाला शेंगदाण्याएवढं पांढरं काहीतरी. ‘‘हा सेन्सर. आत किती गार हाय त्याची खबर ह्यो बोर्डाला देतो. बर्फ झाला म्हनला की बोर्ड हीटर लावतं. आता ह्याची उलटतपासनी.’’

माझ्याकडून पेलाभर पाणी आणि बर्फ मागून घेतला. पेल्यात सेन्सर बुडवला, मीटरच्या दोन सुया लावल्या, पाच मिनिटं घड्याळ बघत बसले. आकडा वहीत लिहिला. मग तोच सेन्सर पुसून मुठीत धरून पाच मिनिटं बसले. ह्यांना आकडा वाचायला लावला. तोच.

‘‘बर्फात बी तेच सांगतो, माझ्या मुठीत बी तेच,’’ काळोखे म्हणाले. ते खरोखर रागावले होते, एखाद्या माणसावर रागवावं तसे. ‘‘बोर्ड बिचारं काय करनार? त्याला जे कळवलं त्यावर ते चाललं. मशीन खोटं बोलत न्हाई वहिनी. खबर देनारा खोटं बोलतो, आन नाव मशीनचं जातं.’’

एवढ्याशा दाण्यासाठी तो गळ्यात पट्टा घातलेला मुलगा मला नवा फ्रीज घ्यायला सांगत होता. त्या क्षणी मला काळोख्यांचा अभिमान वाटला. तो दोन मिनिटं टिकला.

‘‘परवा सकाळी नवा सेन्सर बसवतो,’’ ते उठत म्हणाले.

‘‘परवा? मग तोवर प्लग तरी लावा. बर्फ निघालाय, दोन दिवस तसाच चालेल.’’

‘‘न्हाई. वायरी उघड्या हायत. काम पुरं होईस्तोवर कुलूप.’’

‘‘अहो, बाळाचं दूध आहे.’’

‘‘माझ्या फ्रीजात ठेवा.’’

मी पुष्कळ बोलले. कापून काढीन म्हटलं. कागदावर लिहून देते म्हटलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि चावी बनियनच्या आत गेली. शेवटी रात्री केतकीनं भरलेल्या सहा बाटल्या मी समोर नेऊन ठेवल्या. काळोख्यांच्या फ्रीजमध्ये एक दुधाची पिशवी, चार मिरच्या आणि अर्धी भाकरी होती. त्यांनी माझ्या बाटल्यांसाठी मधला खण पुसून दिला.

सकाळी केतकी सईला पाजून गेली. साडेनऊला सई कुरकुरायला लागली. मी समोरची बेल वाजवली. दुसऱ्यांदा वाजवली. मग पाहिलं, दाराला कुलूप. फोन लावला, तो आतच वाजत होता. माझ्या दुधाच्या सहा बाटल्या आत, काळोख्यांचा फोन आत, आणि काळोखे बाहेर.

वॉचमन म्हणाला, ‘‘मॅडम, आज गुरुवार. गुरुवारी काका नसतात.’’

मला तेव्हा आठवलं. इथल्या जुन्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते, केतकीच्या नव्या कंपनीला रविवारी. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हा माणूस गुरुवार पाळतो. सकाळी सहाला स्वच्छ शर्ट घालून बाहेर पडतो तो दुपारी परततो. आम्हाला वाटायचं, कुठल्यातरी मठात जात असेल. तुमची भक्ती तुमच्याजवळ, पण माझ्या नातीचं दूध आत कोंडून कसली भक्ती करता? वरचं दूध करून पाहिलं. सईनं तोंड मिटलं आणि मग असं रडणं लावलं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं. मी केतकीला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिला कळलं तर ती रजा टाकून निघेल, आणि पुन्हा जाणार नाही.

सईला ह्यांच्या खांद्यावर दिलं आणि रिक्षा स्टँडवर गेले. काळोखे कुठल्या देवाला जातात, विचारलं. एक रिक्षावाला हसला. ‘‘देवाला कशाला? दर गुरुवारी चिखलीला जातात. मीच सोडतो. बसा.’’

चिखलीपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत गेले. सगळी जिन्यावर उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी बोलायची ठरवली. एका वर्कशॉपच्या वर दोन खोल्या होत्या. खाली लेथ मशीन चालू, बाजूनं अरुंद जिना. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात पाय ठेवला.

खाटेवर एक म्हातारा बसला होता. त्याचा उजवा हात कोपरापासून नव्हता. समोर स्टुलावर काळोखे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. म्हाताऱ्याचा डावा पंजा त्यांनी मांडीवर टॉवेल पसरून त्यावर घेतला होता आणि नेलकटरनं ते एकेक नख कापत होते. इतकं हळू, की मी आल्याचं त्यांना कळलंही नाही.

‘‘दगडू, कुनीतरी आलंय,’’ म्हातारा म्हणाला. काळोख्यांचं नाव दगडू आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

‘‘वहिनी?’’

‘‘दूध,’’ मी म्हटलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एवढंच बाहेर आलं. ‘‘बाळाचं दूध तुमच्या घरात आहे.’’

काळोख्यांचा चेहरा उतरला. गळ्यातला दोरा काढताना तो कानात अडकला. घराची चावीही त्याच दोऱ्यात होती. ‘‘इसरलो,’’ ते म्हणाले. ‘‘कसा इसरलो? वहिनी, बाळ उपाशी हाय? कसा काय इसरलो मी?’’

‘‘गुरुवारी ह्याला दुसरं काय सुचत न्हाई,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘बसा ताई. मी फडतरे. एका शिफ्टला व्हतो आमी.’’

मी त्या हाताकडे बघत असणार. फडतरे स्वतःच म्हणाले, ‘‘मशीनीत आत हात घालून काम करत व्हतो. वर साहेब वरडत व्हता, लाइन बंद का. ह्याला वाटलं मी भायेर हाय. ह्यानं मेन चालू केला. तवा ना कुलूप व्हतं, ना पाटी. ह्याला कुनी सांगायचं? आन मला बी कुनी?’’ रोजचं काहीतरी सांगावं तसं त्यांनी सांगितलं. ‘‘तवापासून कुलपं लावत हिंडतो येडा.’’

काळोखे उठले. दोऱ्यातून घराची चावी सोडवून त्यांनी माझ्या हातात ठेवली. लाल कुलपाची लहान चावी दोऱ्यातच राहू दिली. आदल्या संध्याकाळी मी त्या चावीसाठी किती भांडले होते. आता मला ती मागवेना.

‘‘रिक्षा वळवून ठेवतो, लवकर जाईल,’’ म्हणत ते जिना उतरून गेले. गुडघे दुखणारा माणूस दोन-दोन पायऱ्या उतरत होता.

इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पावणेअकराला सईनं पहिली बाटली एका दमात संपवली आणि ह्यांच्या खांद्यावर झोपली. केतकी अजून नोकरीवर आहे आणि त्या सकाळचं तिला काही माहीत नाही. शुक्रवारी नवा सेन्सर बसला, कुलूप निघालं, फ्रीज तेव्हापासून बिनतक्रार चालतो.

पण मी अजून त्या दारात होते. फडतऱ्यांनी आपला पंजा समोर धरून बघितला. तीन नखं कापलेली, दोन वाढलेली. खालच्या लेथच्या आवाजात ऐकू येईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, ‘‘आमची सून चांगली हाय ताई. दर चार दिवसांनी म्हनती, मामा, मी काढते नखं. मी न्हाई देत काढू.’’

‘‘का?’’ मी विचारलं.

‘‘तिनं काढली, तर हा गुरुवारी कुठं जाईल?’’

मी चावी मुठीत घट्ट धरून निघाले. जिन्यात काळोखे धापा टाकत वर येत होते. भिंतीला चिकटून त्यांनी मला वाट दिली. नेलकटर अजून त्यांच्या हातातच होता.

‘‘दोनच बोटं राहिलीत वहिनी,’’ ते म्हणाले. ‘‘उरकून लगेच येतो. सेन्सर आजच आनतो.’’

मी एक पायरी उतरले आणि मागे वळले.

‘‘काही घाई नाही,’’ मी म्हटलं. ‘‘सावकाश कापा. त्यांना लागेल.’’